स्पॅनिशच्या बाई, पार्ल्यातला ब्लॉक आणि कागदांचा क्रम

पार्ले ईस्टला आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर सासूबाईंच्या नावावर एक वन बीएचके आहे, आम्ही वर दुसऱ्यावर राहतो. इतकी वर्षं तिथे सीएची आर्टिकलशिप करणारी पोरं, एखादं नवीन लग्न झालेलं जोडपं, असे भाडेकरू असायचे. 2023 च्या जुलैत ब्रोकरचा फोन आला, म्हणाला वहिनी, एक फॉरिनर टीचर आहे, एकटीच आहे, शाळेचं लेटर आहे, चालेल का? मी म्हटलं विचारून सांगते, आणि विचारायला गेले तर ज्याला विचारावं तो एकच सांगतो, कशाला लफडं, पोलीस येतील, व्हिसाचं काही झालं तर तुम्ही अडकाल. कुणी स्वतः असं घर दिलेलं नव्हतं, पण मत सगळ्यांकडे तयार. आता बाई राहून बराच काळ झाला आणि ओळखीतले लोक मलाच विचारायला लागलेत की काय काय करावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझं मत आधीच सांगते, भीतीचं काहीएक कारण नाही, फक्त कुठला कागद कुठल्या कागदाच्या आधी हे डोक्यात पक्कं पाहिजे, बाकी सगळं होतं.

बाई स्पेनच्या, व्हॅलेन्सियाच्या. वय तिशीच्या आसपास, बीकेसीकडच्या एका इंटरनॅशनल शाळेत स्पॅनिश शिकवायला आलेली. बाई म्हणतेय खरी पण माझ्यापेक्षा बरीच लहान, त्यामुळे पुढे तिला ती-च म्हणणार आहे. एम्प्लॉयमेंट व्हिसावर होती आणि त्यातली एक गंमत मला तेव्हाच कळली. या व्हिसासाठी परदेशी माणसाला वर्षाला निदान 16.25 लाख पगार असावा लागतो असा नियम, पण त्यातून काही जणांना सूट आहे, ती म्हणजे त्या त्या देशाचं जेवण बनवणारे कुक, दुभाषे आणि इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे. म्हणजे इंग्रजीचा गोरा मास्तर आणायचा तर 16.25 लाख मोजा, स्पॅनिशची बाई त्याहून कमीत येऊ शकते. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, बरोबर आहे, आचारी आणि भाषेचे मास्तर यांना कोण विचारतंय. त्या स्वतः पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून रिटायर झाल्यात, त्यामुळे तो टोमणा नक्की कुणाला होता ते मी विचारलं नाही.

पहिला अडथळा अर्थातच सोसायटी. सेक्रेटरी काका घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले कमिटीची परमिशन लागेल. आता मॉडेल बाय-लॉजप्रमाणे घर लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं असतं आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, भरायचे, तेही सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, 2001 चा जीआर आहे तसा. मी हे सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं पण बोलायची वेळच आली नाही. काकांची खरी काळजी वेगळीच निघाली, मासे तळणार का, पार्ट्या करणार का, आणि मित्रबित्र. सासूबाई आतून म्हणाल्या, अहो मासे तर तुमच्या समोरच्या घरात दर रविवारी तळतात, वास मला इथे येतो. समोरचे म्हणजे काकांचे व्याही. विषय तिथेच संपला आणि लेटरवर शिक्का बसला.

आता मुख्य भाग. एम्प्लॉयमेंट व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त असेल तर भारतात उतरल्यापासून 14 दिवसांच्या आत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसकडे, नोंदणी करावी लागते. 14 दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्या नोंदणीला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, पत्त्याचा पुरावा म्हणजे रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट, अ‍ॅग्रीमेंट करायला ती इथे हजर पाहिजे, आणि ती इथे हजर झाली की घड्याळ सुरू. ती पहिल्यांदा शाळेनं दिलेल्या हॉटेलात उतरली, तिथल्या मुक्कामाचा सी फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस राहायला आलाय हे सरकारला कळवायचा फॉर्म, हॉटेलवाल्यांनीच भरला, त्यांना सवय असते. आमच्याकडे यायच्या आधी अ‍ॅग्रीमेंट व्हायला हवं होतं.

हल्ली लीव्ह अँड लायसन्स म्हटलं की एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, चहा संपायच्या आत काम संपतं. पण ते सगळं आधारवर चालतं आणि तिच्याकडे आधार कुठून असणार. परदेशी माणसाला आधार मिळतं, पण आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेलं असेल तर. ती चार दिवसांपूर्वी विमानातून उतरलेली. त्यामुळे एजंट म्हणाला मॅडम, जुन्या पद्धतीनं, दुय्यम निबंधकाकडे जाऊन. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायची गरज नसते असं सांगणारे खूप भेटतील, ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, त्याचं कलम 55, अ‍ॅग्रीमेंट लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, जबाबदारी घरमालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. खर्चही फार नसतो, पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून जी बेरीज येईल तिच्यावर 0.25 टक्के स्टँप ड्युटी, आणि मुंबईत रजिस्ट्रेशन फी 1000. एजंटची फी वेगळी, तिथे घासाघीस करा.

निबंधक कार्यालयात जायचं तर मालकाला जावं लागणार, आणि मालक म्हणजे सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. मी म्हटलं मुखत्यारपत्र करून घेऊ, तुम्ही नका दगदग करू. छे. सकाळी बघते तर नारायणपेठ नेसून, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि खाकऱ्याचं पाकीट घेऊन तयार. बाहेर पाऊस धो धो.

ते ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीतला लांबट हॉल, भिंतीला लागून बाकडी, बाकड्यांवर फ्लॅट घेणारी-विकणारी कुटुंबं, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, आणि दारातच झेरॉक्सवाला. सर्व्हर बंद होता. कधी चालू होईल याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं, सगळे अनुभवी. ती बिचारी सारखी उठून काउंटरकडे बघून यायची. शेवटी सासूबाईंनी तिला हाताला धरून बसवलं, खाकरा दिला, आणि शुद्ध मराठीत तिच्या आईवडिलांची चौकशी सुरू केली. तिला एक अक्षर कळत नव्हतं. ती स्पॅनिश हेल काढत इंग्रजीत उत्तरं देत होती, ती यांना कळत नव्हती. मी मध्ये पडून भाषांतर करायला गेले तर दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

सर्व्हर आला आणि मग नावाचं प्रकरण झालं. स्पॅनिश लोकांना दोन आडनावं असतात, सहसा आधी वडिलांचं, मग आईचं, आणि लग्न झालं तरी बाईचं आडनाव बदलत नाही. त्यातून हिचं पहिलं नावही दोन शब्दांचं. म्हणजे पासपोर्टवर एकूण चार शब्द. ऑपरेटरच्या स्क्रीनवर रकाने तीन, नाव, मधलं नाव, आडनाव. तो म्हणाला मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव सांगा. तिनं सांगितलं, कारण विचारलं म्हणून सांगितलं, आणि त्यानं टाइप करायला घेतलं. तिथे मी जरा आवाज चढवला. कारण कागदावर वडिलांचं नाव घुसलं असतं तर पासपोर्टशी जुळलं नसतं आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर देत बसावं लागलं असतं. पासपोर्टमध्ये गिव्हन नेम जसं आहे तसंच्या तसं नावाच्या रकान्यात, सरनेम जसं आहे तसं आडनावाच्या रकान्यात, मधला रकाना मोकळा. तो म्हणाला मोकळा कसा ठेवणार, मी म्हटलं ठेवून तर बघा. राहिला मोकळा. परदेशी भाडेकरू घेणाऱ्यांनी बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. सासूबाईंना मात्र आईचं आडनाव लावतात हे फार आवडलं, घरी आल्यावर दोन दिवस तोच विषय, आपलं माहेरचं आडनाव त्यांनी किती वर्षांनी मोठ्यानं उच्चारलं असेल कोण जाणे.

आणि अंगठा. तिचा पहिल्या फटक्यात उमटला. सासूबाईंचा काही केल्या मशीन घेईना. ऑपरेटर म्हणाला आजी जरा दाबून, मग म्हणाला जरा हलका, मग दुसरा अंगठा, मग त्यानं रुमालानं काच पुसली, मग सासूबाईंनी पदराला अंगठा पुसला, मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली थोडं बाम लावा, कुणाच्यातरी पर्समधून बाम निघालाही. सासूबाई त्या पोराला म्हणाल्या, अरे पन्नास वर्षं नारळ खवलेत, रेषा राहतील कुठून. तो हसला, मशीन काढून परत लावलं, आणि लागला एकदाचा हिरवा दिवा. दोन साक्षीदार लागतात, ते एजंटनं आणले होते, पॅनच्या जागी तिचा फॉर्म 60 जोडला, फोटो निघाले. फोटोत सासूबाई लग्नाला बसल्यासारख्या आल्यात.

अ‍ॅग्रीमेंट हातात आलं की दुसऱ्या दिवशी ती सामान घेऊन राहायला आली आणि आता सी फॉर्मची जबाबदारी आमच्यावर. हे बऱ्याच घरमालकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं सी फॉर्म हॉटेलांसाठी असतो. घरात परदेशी नागरिक राहायला आला की 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं. पण फॉर्म भरायला आधी मालकाचं त्या साइटवर खातं लागतं आणि खातं मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून ते आधीच करून ठेवायचं. मी तिचा व्हिसा आल्याचं ब्रोकरनं सांगितलं त्याच आठवड्यात केलं होतं. फोटो ठराविक केबीच्या आत बसवायचा असतो, त्यासाठी माझा मुलगा कामाला आला, अर्ध्या मिनिटात केलं आणि वर आई हे तुला येत नाही हे ऐकवलं. एक सांगून ठेवते, मी सांगतेय ते तेव्हाचं. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट लागू झालाय, 1946 चा जुना फॉरेनर्स अ‍ॅक्ट गेला, तर भरायच्या आधी साइटवर चालू फॉर्म बघून घ्या.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं तर कुठल्याही भाडेकरूसाठी करायचंच असतं, मुंबई पोलिसांच्या साइटवर होतं. परदेशी असल्यामुळे पासपोर्ट-व्हिसाची कॉपी मागितली. एक हवालदार येऊन घर बघून गेले, नम्र माणूस, तिला विचारलं मॅडम सब ठीक है ना, ती म्हणाली ठीक है, ते म्हणाले ठीक है. ज्यासाठी लोक मला घाबरवत होते ती पोलीस भानगड ही एवढीच.

मग एफआरआरओ. पूर्वी म्हणे तिकडे पहाटेपासून रांग लावायला लागायची. 2018 पासून ई-एफआरआरओ आहे, सगळं ऑनलाइन अपलोड, पासपोर्ट, व्हिसा, इमिग्रेशनचा शिक्का असलेलं पान, फोटो, अ‍ॅग्रीमेंट, शाळेचं पत्र आणि कॉन्ट्रॅक्ट. तिची क्वेरी आली की शिक्क्याचं पान नीट वाचता येत नाही. खरंच येत नव्हतं, सायबरवाल्यानं स्कॅन केलं होतं ते मलाही दिसत नव्हतं. पुन्हा मोबाइलनं खिडकीपाशी उजेडात फोटो काढून टाकला. नंतर एकदा प्रत्यक्ष बोलावलं, फोर्टला, बद्रुद्दीन तय्यबजी मार्ग, झेवियर्स कॉलेजच्या मागे. मी सुट्टी टाकून बरोबर गेले, तिला गरज नव्हती, मला उत्सुकता होती. नायजेरियन विद्यार्थी, कुठल्याशा कारखान्यात आलेले कोरियन इंजिनियर, आपल्याच माणसाशी लग्न केलेल्या दोन रशियन बायका कडेवर पोरं घेऊन, आणि त्या पोरांना रडू येऊ नये म्हणून शिपाई टाळ्या वाजवून दाखवत होता. काम पटकन झालं. काही दिवसांनी मेलवर सर्टिफिकेट आलं. 14 दिवसांच्या आत अर्ज गेलेला असणं महत्त्वाचं. येताना सीएसएमटीसमोर आराममध्ये वडापाव खाल्ला, तिला चटणी तिखट लागली, पण दुसरा मागितला.

हे सगळं होईस्तोवरचे दिवस तिच्यासाठी कठीण होते ते एका वेगळ्याच कारणानं. बँक खातं नाही म्हणजे यूपीआय नाही, आणि यूपीआय नसलेला माणूस मुंबईत आता जवळपास अदृश्य आहे. स्टेशनबाहेरच्या भाजीवालीला तिनं पाचशेची नोट दिली तर ती म्हणाली सुट्टे नाय, स्कॅन कर. रिक्षावाला तेच. इस्त्रीवाला तेच. ती कोथिंबीर घेतल्याशिवाय परत यायची आणि दारात उभी राहून सांगायची की माझ्याकडे पैसे आहेत आणि कुणी घेत नाहीये. मग सासूबाईंनी त्यांच्या देवघरातला नाण्यांचा डबा तिला वापरायला दिला, हिशेब वहीत लिहून. बँकेत काउंटरवरच्या मुलीनं अर्थातच पहिलं वाक्य टाकलं, आधार. आधार नाही म्हटल्यावर दुसरं, मग एनआरआय खातं उघडा. आता ही एनआरआय कशी होणार, ती इंडियन पण नाही आणि नॉन-रेसिडेंट पण नाही. फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, हिशेबानं इथे नोकरीला आलेला माणूस रहिवासीच धरतात, त्याला साधं सेव्हिंग खातं मिळतं. तिच्या शाळेच्या अकाउंट्समधल्या सरांनी मॅनेजरशी बोलून ते मार्गी लावलं. पॅनसाठी तेव्हा परदेशी नागरिकांचा फॉर्म 49एए वेगळा होता, आपला 49ए भरायचा नव्हता. आणि डेबिट कार्ड आलं तर त्यावर चार शब्दांचं नाव मावलेलं नाही, दुसरं आडनाव अर्ध्यात तोडलेलं. आईचं आडनाव कापलं म्हणून सासूबाईंना तिच्यापेक्षा जास्त राग आला. ज्या दिवशी यूपीआय चालू झालं त्या दिवशी तिनं बिल्डिंगखालच्या दुकानातून एक माचीस घेतली, फक्त स्कॅन करायला.

शाळेत जायला शाळा गाडी देत होती पण तिला लोकलच पाहिजे. पार्ल्याहून बांद्रा म्हणजे मध्ये सांताक्रूझ आणि खार एवढंच, मग ईस्टला उतरून बीकेसीची शेअर रिक्षा. अंतर काहीच नाही आणि तीच अडचण आहे, कारण सकाळच्या चर्चगेट स्लोला आत शिरलात की बाहेर यायची तयारी लगेच सुरू करायची. पहिल्या दिवशी मी लेडीज डब्यात बरोबर होते. ती दरवाज्याच्या मधोमध, दांडा धरून, बाहेरचा वारा खात, चेहऱ्यावर आनंद. मागून एक मावशी, कुठे उतरणार? बांद्रा. मग पुढे हो. पुढे जागा नव्हती. मग आत जा. आत तर अजिबातच नव्हती. मावशीनं तिची बॅग पाठीवरून काढून पोटावर अडकवली, खांद्याला धरून तिला अर्ध्या वळणात उभं केलं, आणि म्हणाली आता हलू नको. खारनंतर ती आपोआप उतरली, म्हणजे पाय तिचे चालले नाहीत, लोकांनी उतरवलं. महिनाभरात ती स्वतः दुसऱ्यांना विचारायला लागली, बांद्रा? बांद्रा? आणि डब्यात कानातली विकणाऱ्या बाईची पक्की गिऱ्हाईक झाली. दर पगाराला नवे झुमके. शाळेतल्या पोरी विचारतात मिस कुठून घेतलेत, तिला वाटतं सांगितलं तर त्यांना खोटं वाटेल, आणि वाटतंही खोटंच.

पावसाबद्दल तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणजे पाऊस असतो हे सांगितलं होतं. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, दार फुगतं हे नव्हतं सांगितलं. व्हॅलेन्सियाहून आणलेल्या चामड्याच्या बुटांवर हिरवी बुरशी आली तेव्हा तिनं फोटो काढून आईला पाठवला. तिची डिग्रीची कागदपत्रं, अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशातही खरा धरला जावा म्हणून मारतात तो, शिक्का मारून आणलेली, ओलसर होऊन कडा वळायला लागल्या, ती सासूबाईंनी दोन वर्तमानपत्रांमध्ये घालून आपल्या गादीखाली ठेवली. रेड अलर्ट आला आणि पालिकेनं शाळांना सुट्टी दिली त्या दिवशी ही सकाळी सहाला छत्री घेऊन खाली उभी, वॉचमननं परत पाठवली, जाओ मॅडम सो जाओ, अंधेरी सबवे भर गया. तिला प्रश्न पडला की सबवे भरल्याचा आणि स्पॅनिशचा काय संबंध. आम्ही तिला 26 जुलै 2005 ची गोष्ट सांगितली, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर, नवरा तेव्हा दादरहून चालत आला होता पार्ल्याला. त्यानंतर ती आमच्यापेक्षा जास्त वेळा हवामान खात्याचा अंदाज बघते.

शाळेतलं ती रात्री वर येऊन सांगायची. नववीतल्या एका मुलानं पहिल्याच तासाला विचारलं, मिस, परीक्षेला पोर्शन काय? अजून तिनं नमस्कारही शिकवला नव्हता. पेरेंट्स मीटिंगला आईबाप येतात आणि तिला वाटतं मूल बोलायला लागलंय का, ऐकून समजतं का, असं विचारतील, तर ते विचारतात की फ्रेंचपेक्षा स्पॅनिश स्कोअरिंग आहे ना? एका वडिलांनी सुचवलं की ट्यूशन घ्याल का घरी, त्यांना सांगावं लागलं की या व्हिसावर शाळेबाहेर असं काम करता येत नाही, तर ते म्हणाले ठीक आहे, कॅश देऊ. ती घाबरून दोन दिवस त्यांना टाळत होती. स्टाफरूममध्ये तिचं सगळ्यात जमतं ते मराठीच्या बाईंशी. 2020 च्या कायद्यानंतर सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवावंच लागतं, त्यामुळे त्या शाळेत मराठीच्या बाई आहेत, आणि दोघींना मिळून एक कपाट आहे. दोघींचे तास एकाच वेळी पळवले जातात, अ‍ॅन्युअल डेची प्रॅक्टिस असली की आधी स्पॅनिश जातं, मग मराठी, गणिताला हात लावायची कुणाची हिंमत नाही. सासूबाई हे ऐकून इतक्या खूष झाल्या की त्यांनी स्वतःच्या शाळेतले 1980 च्या आसपासचे सगळे पळवलेले तास तिला सांगितले. तोवर तिला थोडं मराठी कळायला लागलं होतं.

खाण्याचं विचाराल तर तिच्या जेवणाच्या वेळा आमच्यापेक्षा दोन तास पुढे, दुपारी तीनला जेवण आणि रात्री दहानंतर फोडणी. तिचं आवडतं म्हणजे बटाटा आणि अंड्याचं जाडजूड काहीतरी, तव्यावर ताट ठेवून उलटवायचं, जमलं तर वाहवा नाहीतर ओट्यावर. सासूबाई अंडं खात नाहीत पण उलटवताना बघायला खाली जातात. त्यांनी बदल्यात थालीपीठ शिकवलं, तिला मधलं भोक पाडायला आवडतं, नको तितकी पाडते. गणपतीत आमच्याकडे दीड दिवस असतो, तेव्हा तिच्या वर्गातली चार पोरं दर्शनाला आली आणि आपल्या मिसला ताटं वाढताना बघून अवघडून उभी राहिली. शाळेत स्पॅनिशमध्ये तोंड न उघडणारा एक जण तिला स्पॅनिशमध्ये म्हणाला की मला अजून एक मोदक पाहिजे. तिनं त्याला तोंडी परीक्षेत मार्क दिले असावेत, मला संशय आहे.

पुढच्या वर्षी शाळेनं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. एम्प्लॉयमेंट व्हिसा इथेच राहून वाढवता येतो, पहिल्यांदा मिळाल्या तारखेपासून पाच वर्षांपर्यंत, अर्ज ई-एफआरआरओवर, मुदत संपायच्या आधी. पण अर्जाला पुन्हा चालू अ‍ॅग्रीमेंट लागतं, म्हणून घराचं रिन्यूअल आधी, व्हिसा नंतर. तोपर्यंत तिचे 182 दिवस कधीच होऊन गेले होते आणि आधार आलं होतं, पासपोर्टवरचं चार शब्दांचं नाव जसंच्या तसं. त्यामुळे या वेळी एजंट घरीच आला. तिचा अंगठा लगेच लागला. सासूबाईंचा नाही लागला. एजंट म्हणाला आजी डोळ्यांचं करू, स्कॅनर आहे माझ्याकडे, तर चष्मा काढून बसल्या, एका झटक्यात झालं. मग त्यानं फी सांगितली, गेल्या वर्षीपेक्षा पाचशेनं जास्त. मी पर्स काढायला उठले तेवढ्यात ती मराठीत म्हणाली, काय दादा, गेल्या वेळी तर ऑफिसला जाऊन कमी होते, आता घरी बसून जास्त कसे? त्यानं माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पाचशे कमी झाले, तिनं स्कॅन केलं.